दोन दिवसांत पाणी पुन्हा जड? सॉफ्टनर मोडीत काढायच्या आधी

"आगं, फेस फाटाय लागलाय परत," असं सासूबाई न्हाणीतून ओरडल्या की समजायचं, सॉफ्टनरनं, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या मशीननं, हात टेकले. त्यांचं माप चुकत नाही. बादलीत साबण खळबळला आणि वर नासलेल्या दुधासारखा चोथा तरंगायला लागला, म्हणजे पाणी जड. गेल्या एप्रिलात ही आरोळी दर तिसऱ्या दिवशी यायला लागली. मीठ सोडून मशीन धुतलं की एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिवशी केस चिकट, तिसऱ्या दिवशी तोटीच्या तोंडावर पांढरी पुटं.

बोलावलेल्या मेकॅनिकनं मशीनला बोटही न लावता निकाल दिला. "मॅडम, बारा वर्षं झाली. आता ह्यात काय राम राहिलेला नाही. नवीनच घ्या." कोटेशन ४५ हजारांच्या घरात. असल्या सल्ल्यापायी मी आधी एकदा पोळले आहे (ते पुढे सांगते), म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि सरांना विचारून कॉलेजातलं ब्युरेट (द्रव थेंबाथेंबानं मोजून सोडायची काचेची नळी) घरी आणलं. मी ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पोरांना दरवर्षी पाण्याची कठीणता काढायला लावायची आणि स्वतःच्या घरचं पाणी सासूबाईंच्या साबणावर सोडायचं, हे जरा अतीच होतं.

आमचं घर सांगलीत, शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला. प्यायला आणि स्वयंपाकाला महापालिकेचं पाणी, बाकी सगळ्याला बोअर. खाली काळा दगड, वर काळी माती, आणि पाया खणताना मातीत चुनखडीचे खडे निघतात ते वेगळेच. त्यातून झिरपून येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येणार. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. आमचा बोअर दिवाळीच्या सुमाराला ३८० दाखवतो.

आधी मोजा, मग बोला

सॉफ्टनरचं काम थोडक्यात असं. आत खसखशीएवढे सोनेरी-पिवळे मणी असतात, ते रेजिन. त्यावर सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी मण्यांमधून जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम मण्यांना चिकटतं आणि तेवढं सोडियम पाण्यात सुटतं. मणी भरले की मिठाचं पाणी सोडायचं, मग उलटा व्यवहार होऊन मणी पुन्हा ताजे होतात. एवढंच. मण्यांच्या या कामात मोटर नाही की झिजणारी चक्री नाही, त्यामुळं "बारा वर्षं झाली" हे आजाराचं नाव होऊ शकत नाही.

मोजायला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) वापरू नका. सगळ्यांच्या घरी तो असतो आणि सगळे तोच बुडवतात. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, एकाच्या जागी दुसरा बसवतो, त्यामुळं आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस जवळपास सारखाच दिसतो. "मीटरवर फरकच नाही, मशीन बिघडलं" म्हणून भांडणारे लोक मला माहीत आहेत. बिचारं मशीन ठणठणीत असतं. त्याऐवजी हार्डनेसचा, म्हणजे कठीणता मोजायचा, थेंबांचा किट आणा. पाण्याचा नमुना लाल होतो, थेंब मोजत जायचं, निळा झाला की थांबायचं. ब्युरेटवर मी तेच करते. ५० मिली नमुना घ्यायचा, ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन) जितके मिली लागेल त्याला २० नं गुणायचं, झाला हार्डनेस.

महत्त्वाचं आहे ते कधी आणि कुठे मोजायचं. एक नमुना बोअरचा, मशीनच्या आधीचा. दुसरा मशीन धुऊन झाल्या झाल्या, मशीनच्या जवळात जवळच्या नळाचा. मग रोज एक, पाणी जड होईपर्यंत. या तीन-चार आकड्यांतच अर्धं निदान आहे. धुतल्या धुतल्या पाणी २०-३० च्या खाली येतं पण लवकर संपतं, तर रेजिनची ताकद आणि घरची गरज यांचा हिशेब चुकतोय. आणि धुतल्या धुतल्यासुद्धा ते खाली येतच नसेल, तर एकतर मीठ रेजिनपर्यंत पोचत नाही, नाहीतर कुठूनतरी कच्चं पाणी मिसळतंय.

आमचा बोअर निघाला ६००. नुसत्या कोरड्या उन्हाळ्यानं ३८० चा ६०० झाला होता. आणि धुतल्या धुतल्या मशीनबाहेर ११०. म्हणजे दुखणं एक नव्हतं, दोन होती.

बायपासचा साडेतीनशे रुपयांचा व्हॉल्व्ह

११० हा आकडा बघितल्यावर मला रेजिनपेक्षा बायपासचा संशय आला. ६०० च्या पाण्याचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा न धुता पुढे गेला तर मिसळून बरोबर एवढाच आकडा येतो. बहुतेक घरांत मशीनच्या आतल्या आणि बाहेरच्या पाइपमध्ये एक आडवी नळी टाकून तिच्यावर बॉल व्हॉल्व्ह बसवलेला असतो, मशीन दुरुस्तीला काढलं तर घराचं पाणी बंद पडू नये म्हणून. याच व्हॉल्व्हच्या गादीत क्षार बसतो. दांडी बंद दिसते, आतून पाणी चालूच.

तपासणी फुकट आहे. प्रेशर पंप बंद करा. मशीनचा आत जाणारा आणि बाहेर येणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, बायपासही बंदच ठेवा. मग न्हाणीघरातला नळ उघडा. पाइपात साठलेलं पाणी निघून गेलं की नळ कोरडा पडायला हवा. आमचा पाच मिनिटांनीही दोऱ्यासारखी धार सोडत होता. प्लंबरदादांनी व्हॉल्व्ह कापून काढला तर आतल्या गोळ्यावर चुन्याचा थर, नखानं खरवडला तर कपची निघाली. नवा व्हॉल्व्ह साडेतीनशे रुपये, मजुरी वेगळी. त्या रात्री मशीन धुऊन मोजलं तर ५० मिलीला जेमतेम अर्धा मिली ईडीटीए लागलं. ६०० चं १० झालं. ४५ हजारांचं कोटेशन अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. सासूबाई काढू देत नाहीत.

दुसरं दुखणं कागद-पेन्सिलीचं होतं. आमच्या मशीनमध्ये २५ लिटर रेजिन आहे, एक अख्खी पिशवी. घरगुती वापरात, नेहमीचं मीठ घातलं तर एक लिटर रेजिन साधारण ५० ग्रॅम कठीणता ओढतं. म्हणजे २५ लिटरला १२५० ग्रॅम. ३८० च्या पाण्यात लिटरमागे ०.३८ ग्रॅम, भागाकार केला की सुमारे ३३०० लिटर. पाच माणसं, स्वयंपाक वगळून रोज ६०० लिटर धरलं, तर पाच दिवस आरामात. ६०० च्या पाण्यात मात्र २१०० लिटरच्या आत खेळ खलास, साडेतीन दिवस. आणि आम्ही वर्षभर डोळे मिटून दर पाच दिवसांनी मीठ सोडत होतो. आता चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत दर तीन दिवसांनी, बोअर भरला की परत पाच. जिन्याखालच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि हार्डनेस लिहून ठेवते.

हा भागाकार तुमच्या मशीनचा करून बघा. उत्तर दीड-दोन दिवस आलं तर मशीन बिघडलेलं नाही, ते तुमच्या घराला लहान आहे. लेकाचं लग्न झालं, वर भाडेकरू आले, वॉशिंग मशीन आलं आणि सॉफ्टनर मात्र तोच, असं पुष्कळ घरांत असतं. तिथं दुरुस्तीवर घातलेला पैसा खरोखरच पाण्यात जातो.

मीठ ओढतंय का

विश्रामबागेतल्या माझ्या मैत्रिणीकडं वेगळीच गंमत होती. मीठ महिनोन् महिने संपायचं नाही म्हणून तिचे मिस्टर खूश होते. मीठ संपत नाही म्हणजेच मशीन मीठ खात नाही! एका मजल्याच्या छतावर टाकी, तिथून थेट मशीन, मध्ये प्रेशर पंप नाही. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब. बारा फुटांनी मिळतो जेमतेम एक तृतीयांश किलो. मिठाचं पाणी ओढून घेणारं इंजेक्टर म्हणजे एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी जोरात गेलं तरच बाजूच्या नळीतून खारं पाणी ओढलं जातं. एवढ्या दाबात ते नुसतं उसासे टाकत होतं. मशीन बसवणाऱ्यानं हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. पंप बसवल्यावर तेच मशीन, तेच रेजिन सुरळीत चालू झालं.

तपासायचं असं: मीठ ओढायच्या वेळी टाकीतल्या खाऱ्या पाण्याच्या पातळीवर पेननं खूण करा. पंधरा मिनिटांत पातळी उतरलीच पाहिजे. उतरत नसेल तर दाब, इंजेक्टरचं भोक, त्याच्या आधीची जाळी आणि नळीचे सांधे, याच क्रमानं बघा. सांध्यातून हवा ओढली जात असेल तर नळीत बुडबुडे दिसतात. पातळी उतरण्याऐवजी चढत असेल तर इंजेक्टर तुंबलंय आणि पाणी उलटं टाकीत चाललंय. पावसाळ्यात मिठाचा वर कडक पापुद्रा धरतो आणि खाली पोकळी होते, तेव्हा काठीनं एकदा ढोसून बघा. मीठ जाडं, साधं घ्या. माती-खडे असलेलं स्वस्त मीठ शेवटी इंजेक्टरच्याच नरड्यात जाऊन बसतं.

मापही सांगते. लिटरभर रेजिनला १५० ग्रॅम मीठ, म्हणजे आमच्या २५ लिटरला पावणेचार किलो. पूर्ण विरघळून संपृक्त झालेलं खारं पाणी असेल तर ते सुमारे १२ लिटर. आणि ते हळू जाऊ द्यायचं, निदान वीस-पंचवीस मिनिटं मण्यांशी राहिलं पाहिजे. हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह असलेली माणसं घाईत पाच मिनिटांत उरकतात आणि मग रेजिनला शिव्या देतात.

रेजिन खरंच गेलंय का

आता माझी पोळलेली गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी आमच्या तळमजल्यात छातीएवढं होतं. मशीन जिन्याखाली, अख्खं बुडालेलं. पाणी ओसरल्यावर वरचं ऑटोमॅटिक हेड, म्हणजे पाण्याची वाट आपोआप फिरवणारा वरचा भाग, गेलेलं निघालं, सर्किट कुजलं होतं आणि त्या मॉडेलचा सुटा भाग मिळेना. म्हणून मी हातानं फिरवायचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह बसवून घेतला. बहुतेक घरगुती व्हेसलच्या (रेजिन भरलेल्या उभ्या टाकीच्या) तोंडाचे आटे अडीच इंची असतात, त्यामुळं दुसऱ्या कंपनीचं हेडही बसतं, मधली उभी नळी तेवढी मापात कापावी लागते. तो निर्णय बरोबर होता. चूक पुढं झाली. मिठाच्या टाकीत तळाला चार बोटं गाळ होता, तो मी वरवर काढला आणि मीठ भरलं. राहिलेला गाळ खाऱ्या पाण्याबरोबर ओढला गेला.

२०२० मध्ये पाणी सारखं जड यायला लागलं. आलेला माणूस म्हणाला, "रेजिन गेलं." मी मान डोलावली, साडेचार हजारांची पिशवी आली, जुनं रेजिन दोन बादल्यांत काढलं. महिन्याभरात पुन्हा तेच! इंजेक्टर उघडलं तर भोकात पुराची माती, टाचणीनं निघाली. नवं रेजिन उपाशी राहत होतं, जुनंही तसंच उपाशी राहिलं असणार.

सुदैवानं जुन्या बादल्या टाकल्या नव्हत्या. पाण्याच्या दोन बाटल्या उलट्या करून बूड कापलं, बुचाला भोकं पाडून आतून मलमलीची चिंधी लावली. एकीत कपभर, म्हणजे १०० मिली, जुनं रेजिन, दुसरीत तेवढंच नवं. दोन्हीतून मिठाचं पाणी सावकाश सोडलं, साध्या पाण्यानं धुतलं आणि वरून बोअरच्या पाण्याची बारीक धार लावून खालचं लिटर-लिटर तपासत बसले. अख्खी संध्याकाळ गेली. नव्या रेजिननं १३ लिटर मऊ पाणी दिलं, जुन्यानं ११. सात वर्षांचं, पुरात बुडालेलं रेजिन! ते मी चक्क फेकायला काढलं होतं. मुलानं पुढं हाच प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडला. तेवढी वसुली.

हा प्रयोग कुणालाही जमेल. जुन्यानं नव्याच्या निम्म्याहून कमी पाणी दिलं तर रेजिन बदला, नाहीतर राहू द्या. एवढा खटाटोप नको असेल तर निदान चमचाभर रेजिन काढून हातात घ्या. चांगले मणी गोल, पिवळसर आणि दाबले तरी टणक असतात. पिचपिचीत लागले, चिमटीत लगदा झाला, तर ते गेले. क्लोरीनचं पाणी वर्षानुवर्षं गेलं की तसं होतं, म्हणून महापालिकेचं पाणी सॉफ्टनरमधून घेणाऱ्यांचं रेजिन बोअरवाल्यांपेक्षा आधी थकतं. चॉकलेटी झाले असतील आणि बादलीला तांबूस पट्टे येत असतील तर पाण्यात लोह आहे. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून, भरपूर धुऊन, पुन्हा मीठ दिलं तर बरेचदा सुधारतात. टॉयलेटचं अ‍ॅसिड ओतायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि नळाच्या जाळीत हेच मणी सापडायला लागले तर रेजिनचा दोष नाही, व्हेसलच्या तळाची जाळी फुटली आहे. तीच बदला, आणि वाहून गेलेलं रेजिन मोजून पुन्हा भरा.

बोअरच्या पाइपला वायर गुंडाळून "क्षार मोडणारी" यंत्रं विकायला येतात, त्यांच्यासमोर थेंबांचा किट ठेवा आणि आधीचं-नंतरचं मोजून दाखवा म्हणा. आमच्याकडं आलेल्यानं पाण्याचा ग्लास तेवढा मागितला.

मग बदलायचं कधी

या मार्चात व्हेसलच्या बुडाशी ओल दिसायला लागली. पुसली की तासाभरात परत. बाहेरच्या फायबरवर केसासारखी चीर होती. तिथं मात्र मी एक दिवसही घालवला नाही. प्रेशर पंपाच्या दाबाखाली असलेल्या व्हेसलला सील फासून चालवणं म्हणजे रात्री दोनला जिन्याखाली तळं करून घेणं. पण बदललं ते फक्त व्हेसल आणि आतली जाळी. २०२० चं रेजिन त्यातच ओतलं, मल्टिपोर्ट तोच, मिठाची टाकी तीच.

माझा ठोकताळा सांगते, तुम्हाला पटला तर घ्या. व्हेसल, रेजिन आणि हेड ही तीन मोठी अंगं. एक गेलं तर दुरुस्ती. दोन एकदम गेली तर दोन्हीची किंमत काढायची आणि ती नव्याच्या निम्म्यावर गेली तर जुन्याचा मोह सोडायचा. आणि हिशेबात मशीन घराला पुरतच नसेल, तर तिन्ही अंगं धडधाकट असली तरी मोठं घ्यायचं.

दोन गोष्टी राहिल्या. मशीन धुतलेलं पाणी झाडाला घालू नका. मी पहिल्या वर्षी "पाणी वाया कशाला" म्हणून कढीपत्त्याला वळवलं होतं. आधी टोकं करपली, मग अख्खं झाड वाळलं, आणि त्या जागची काळी माती अजून पावसात चिकट लगदा होते. आणि मऊ पाणी प्यायला नको, विशेषतः घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर. लिटरला १०० मिलिग्रॅम कठीणता गेली की ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. ६०० च्या पाण्याला ते पावणेतीनशेच्या वर जातं. सासूबाईंची गोळी चालू आहे, म्हणून त्यांचा माठ महापालिकेच्याच नळावर भरतो.

जुलै उजाडला की मी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे बघत राहते. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ ला धोक्याची. ३५ ओलांडली की मिठाची टाकी रिकामी करून माडीवर, पंपाची पिन काढलेली, मशीनचे आतले-बाहेरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मीठ ओढायच्या नळीच्या तोंडाला प्लास्टिक आणि दोरा. पाणी आलं तर मशीन बुडेल, पण या वेळी गाळ आत जाणार नाही. त्या चार दिवसांत फेस फाटला तरी सासूबाई काही बोलत नाहीत.